मत गावात, माणूस फडात

20 नोव्हेंबर 2024 च्या बुधवारी महाराष्ट्रातल्या 288 विधानसभा मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झालं. त्या वर्षीचा ऊस गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून सुरू करायचं सरकारच्या मंत्री समितीनं आधीच ठरवलं होतं, म्हणजे मतदानाच्या पाच दिवस आधी. हंगाम सुरू व्हायचा तर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या त्याआधी कारखान्यावर पोचायला हव्यात. खोप्या घालायच्या, पाणी कुठून आणायचं ते बघायचं, बैल असतील तर त्यांची दावण मांडायची, कारखान्याच्या शेतकी खात्याकडून तोडीचा फड कुठला मिळतो त्याची वाट बघायची. त्यामुळे लक्ष्मीपूजन आणि पाडवा उरकला, की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून माणसं, पोरंबाळं, भांडीकुंडी, शेळ्या आणि कोयते भरलेले ट्रॅक्टर आणि ट्रक पश्चिमेकडे निघतात. दरवर्षीचंच हे निघणं. त्या वर्षी एवढाच फरक होता, की निघताना गावात आचारसंहिता लागून तीन आठवडे होत आले होते आणि पोचले तिथेही आचारसंहिताच होती.

साखरपट्ट्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाला निवडणूक कशी चढते, हे तिथे मत नसलेल्या माणसाला अधिक स्पष्ट दिसतं. मतदाराचं लक्ष उमेदवाराकडे असतं. याचं लक्ष रोजच्या व्यवहारात काय बदललं याकडे जातं. भोंगा लावलेली रिक्षा सकाळपासून फिरत राहते. उसानं भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या चौकात अडकून पडतात, कारण पुढे रॅली आहे, आणि काट्यावर खेप उशिरा पोचली की पुढची खेप रात्रीवर जाते. नाक्यावर भरारी पथक गाड्या थांबवून पिशव्या तपासतं. मतदानाच्या दिवशी येणारा आठवडी बाजार पुढे ढकलला जातो, आणि त्या बाजारावर आठवड्याचं पीठमीठ अवलंबून असलेल्या खोपीला ते पहिल्यांदा कळतं. झेडपीच्या शाळेला सुट्टी पडते, तिथे मतदान यंत्रं येतात. दुसऱ्या दिवशी दुकानदार सुट्टे पैसे परत देतो तेव्हा त्याच्या बोटाला शाई असते. निकालानंतर खांबांवरून उतरवलेले फ्लेक्स हाताला लागले, तर ते खोपीवर अंथरले जातात. उसाच्या पाचटावर टाकलेलं ते जाड कापड पहाटेचं दव अडवतं.

परदेशात नोकरीसाठी गेलेला मराठी माणूस तिथल्या निवडणुका साधारण अशाच बघत असतो. फलक दिसतात, चर्चा ऐकू येतात, शेजारी मत देऊन येतो, आणि आपल्याला त्यात भाग नाही हे त्याला मान्य असतं, कारण तो त्या देशाचा नागरिक नाही. बीडचा ऊसतोड कामगार मात्र आपल्याच राज्यात असतो. तो त्याच विधानसभेसाठी, त्याच दिवशी होणाऱ्या मतदानाचा नोंदलेला मतदार असतो. त्याचं मत तेवढं तीनशे-साडेतीनशे किलोमीटर मागे, गावच्या शाळेतल्या यादीत राहिलेलं असतं. माझं म्हणणं असं, की हा नुसता गैरसोयीचा प्रश्न समजून सोडून देणं चूक आहे. कामगार फडात असताना त्याचं मत वाया जातं, हे निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं अधिक गंभीर आहे. कायद्यानं त्या मताला रस्ता ठेवलेला नाही, म्हणून ते मत टोळीचा मुकादम आणि उमेदवार यांच्या हाती जातं. हे थांबवायचं असेल तर मतदानाची सोय उसाच्या मुलखात न्यावी लागेल, आणि जिथे ती नेता येणार नाही तिथे मतदानाची तारीख हंगामाबाहेर काढावी लागेल.

आधी तारखांकडेच बघू. बीडमध्ये लोकसभेचं मतदान 2014 साली 17 एप्रिलला, 2019 साली 18 एप्रिलला आणि 2024 साली 13 मे रोजी झालं. एप्रिलपर्यंत बहुतेक कारखान्यांचा पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला असतो आणि माणसं गावी परतलेली असतात. विधानसभेचं मतदान 2009 मध्ये 13 ऑक्टोबरला, 2014 मध्ये 15 ऑक्टोबरला, 2019 मध्ये 21 ऑक्टोबरला होतं. म्हणजे हंगामाच्या उंबरठ्यावर, निघायच्या आधी. 2024 ला ते हंगामाच्या आत सरकलं. त्याच्या खालच्या पातळीवर तर चित्र याहून स्पष्ट आहे. बीड जिल्हा परिषदेचं मतदान 2012 साली 7 फेब्रुवारीला आणि 2017 साली 16 फेब्रुवारीला झालं, ऐन गाळपात. 18 डिसेंबर 2022 रोजी राज्यातल्या साडेसात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं, त्यात बीड जिल्ह्यातल्या सातशेच्या आसपास ग्रामपंचायती होत्या. रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्याच, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 6 मे 2025 ला दिला, पुढे त्याला 31 जानेवारी 2026 ची मुदत घातली; आणि नगरपरिषदांचं मतदान 2 डिसेंबर 2025 ला आलं. आदेश योग्यच होता, निवडणुका फार लांबल्या होत्या. पण ठरलेल्या तारखा पुन्हा कोयता चालतो त्याच महिन्यांत पडल्या.

या तारखा एकाखाली एक ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. सत्ता जितकी दूरची, तितका कामगार मतदानाला घरी असतो. सत्ता जितकी जवळची, तितका तो लांब. दिल्लीचा खासदार निवडताना तो गावात असतो. गावचा सरपंच निवडताना तो शिरोळ, कराड, माळशिरस नाहीतर बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीकडे असतो. आणि स्थलांतर कमी व्हायचं असेल तर ज्या गोष्टी लागतात त्या जवळच्या सत्तेच्या हातात आहेत. रोजगार हमीचं काम मागितल्यावर मिळणं, पाझर तलावाची दुरुस्ती, घरकुलाच्या यादीतला क्रम, उपकेंद्रात नर्सचं असणं, आईबाप नसताना मुलांना गावातच ठेवण्याची सोय, हे सगळं ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या कचेऱ्यांतून जातं. दर हिवाळ्यात गाव सोडावं लागू नये म्हणून जे करता येईल ते करणारी माणसं दर वेळी हिवाळ्यातच, गाव सोडलेल्यांच्या पाठीमागे निवडली जातात. माझ्या मते या प्रश्नाचं मूळ इथे आहे आणि विधानसभेच्या गदारोळात त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की बीडमध्ये मतदान कमी होतंच कुठे? 2024 च्या लोकसभेला सुमारे 71 टक्के मतदान झालं, निकाल 6,553 मतांनी लागला, आणि देशभर त्याची चर्चा झाली. हे खरं आहे, आणि ते माझ्याच म्हणण्याच्या बाजूनं जातं. ते मतदान मे महिन्यात होतं, माणसं घरी होती. साडेसहा हजारांच्या फरकानं खासदार ठरणाऱ्या जिल्ह्यात, जिथून काही लाख माणसं ऊसतोडीला जातात असे अंदाज सांगतात, तिथे हंगामातल्या निवडणुकीत किती माणसं पोचू शकली यावर निकाल फिरू शकतो. ग्रामपंचायतीत तर दहा-वीस मतांवर वॉर्ड हलतो. आणि हंगामातही टक्का बरा दिसला, तरी आकडा एवढंच सांगतो की माणूस केंद्रावर आला. तो कुणाच्या गाडीतून आला आणि ती गाडी कुणाच्या पैशानं आली, हे आकड्यात नसतं.

या गाडीपाशी थोडं थांबलं पाहिजे. गावच्या निवडणुकीच्या आधी फडावर फोन येतात, कधी पॅनेलची माणसंच येतात. मुकादमाशी बोलणं होतं. टेम्पो किंवा जीप ठरते, रात्री निघायचं, सकाळी मत टाकायचं, लगेच परतायचं, दुसऱ्या दिवशी फडात. बीडच्या कुठल्याही गावात ही रीत माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123(5) प्रमाणे मतदारांना केंद्रावर नेण्या-आणण्यासाठी उमेदवारानं फुकट वाहन पुरवणं हे भ्रष्ट आचरण ठरतं. त्यावर निवड रद्द होऊ शकते. हा नियम चांगल्या हेतूनं केलेला आहे, कारण वाहन देणारा मत मागतोच. पण ज्या मतदाराला दुसरं वाहनच परवडत नाही, त्याच्यासाठी कायद्यानं उमेदवाराची गाडी बंद केली आणि दुसरी कुठलीही उघडली नाही. मग तो त्याच गाडीत बसतो. बसल्यावर तो अर्धा बांधला गेलेला असतो, कारण गाडी मुकादमानं ठरवलेली असते आणि मुकादमाची उचल त्याच्या अंगावर असते.

उचल म्हणजे काय हे शहरी वाचकासाठी सांगायला हवं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी, बहुतेक वेळा पावसाळ्यातच, मुकादम एका कोयत्याला काही रक्कम आगाऊ देतो, आणि ती पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या तोडणीतून फेडायची असते. मुकादम आणि कामगार यांच्यात लेखी करार जवळपास नसतोच. हिशेब मुकादमाच्या वहीत. एक दिवस कामावर नाही आलं तर खाडा, आणि खाड्याची रक्कम उचलीत वाढते. फेड अपुरी राहिली तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. अशा माणसाला मुकादम म्हणाला ‘अमक्याची गाडी आहे, बसा’, तर तो कोणत्या बळावर नाही म्हणणार? गुप्त मतदानात तो आपल्या मनाचंच बटण दाबत असेल, आणि अनेकजण तसं करतही असतील. पण मताला जायचं की नाही, कुणाच्या गाडीतून जायचं, घरातल्या कोणी जायचं आणि कोणी फडात थांबायचं, हे सगळे निर्णय त्याचे राहिलेले नसतात. गुप्त मतदान माणसाला केंद्राच्या आत मोकळं करतं. केंद्रापर्यंतच्या रस्त्यावर ते त्याच्या कामाला येत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा आधार घेतो. याच कायद्याचं कलम 135ब मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देतं, रोजंदारीवरच्या माणसालाही देतं. मग कामगारानं ती घ्यावी आणि स्वतःच्या पैशानं जावं, त्यात अडचण काय? अडचण अशी, की सुट्टी कुणाकडे मागायची हेच इथे ठरलेलं नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी आहे. मुकादम म्हणतो, मी स्वतःच कारखान्याचे पैसे उचलले आहेत. दोघांच्या मध्ये कामगार टनावर मजुरी घेतो, दिवसावर नाही, त्यामुळे पगारी सुट्टीचा पगार मोजायचा कशावर हेही उभं राहत नाही. सुट्टी नाकारणाऱ्या मालकाला या कलमाखाली फार तर पाचशे रुपये दंड होतो, आणि इथे मालक कोण यावरच वाद.

आता खर्चाचा हिशेब मांडू. जानेवारी 2024 मध्ये लवादातून 34 टक्के वाढ मिळाली आणि तोडणीचा दर टनाला सुमारे 366 रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडून मोळ्या बांधून गाडीत भरतो. म्हणजे जोडप्याचे दिवसाला सातशे-साडेसातशे रुपये. कोल्हापूरहून पाटोद्याला जायला एक रात्र, मतदानाचा एक दिवस, परतीची एक रात्र. आल्यावर लगेच पहाटे फडात उभं राहायचं म्हटलं तरी दोन दिवस मोडतात. दोघांची दोन दिवसांची मजुरी गेली, वर खाडा, वर एसटीचं भाडं. बाईला एसटीत 2023 पासून निम्मं तिकीट आहे, तेवढाच दिलासा. लहान मुलं बरोबर न्यायची की खोपीत सोडायची, हा प्रश्न वेगळाच. बैलगाडीनं ऊस वाहणारा गाडी सेंटरवाला असेल तर बैलांना वैरणपाणी कोण करणार? वाढं आणून टाकायला आणि पाणी दाखवायला माणूस लागतोच, म्हणून घरातलं एकजण थांबतं, आणि थांबणारी बहुतेक वेळा बाईच असते. तिचं मत अशा हिशेबात सर्वांत आधी कापलं जातं. आपल्या बाजूनं कायद्यात एक कलम आहे, हे सांगून तिला काही मिळत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तो म्हणजे, मग हंगामच पुढे ढकला. 2024 साली तशी मागणी झाली होती. मतदान होईपर्यंत गाळप सुरू करू नये, असं काहींचं म्हणणं होतं, आणि कामगारांच्या मतदानाची सोय व्हावी म्हणून कामगार संघटनेनं उच्च न्यायालयातही धाव घेतली. पण हंगाम ढकलण्याची किंमत मोठी आहे. तयार ऊस शेतात उभा राहिला की शेतकऱ्याचं रान अडकतं, पुढचं गव्हा-हरभऱ्याचं पीक हुकतं. सीमेवरच्या कर्नाटकातल्या कारखान्यांनी आधी धुराडी पेटवली तर ऊस तिकडे जातो आणि इकडचा हंगाम आखडतो. हंगाम आखडला की कामगाराचेच तोडणीचे दिवस कमी होतात, उचल फिटत नाही आणि बाकी अंगावर राहते. कामगाराला मत देण्यासाठी कामगाराचीच मिळकत कापावी, हा उपाय मला पटत नाही. दर निवडणुकीला साखरेचं वेळापत्रक हलवणं हे टिकणारंही नाही. म्हणूनच मी म्हणतो की ऊस आहे तिथे राहू द्या, मतपेटीनं प्रवास करावा.

हे आपल्या देशाला नवीन आहे का? मुळीच नाही. सैन्यातला जवान सीमेवरून टपाली मत देतो, 2016 पासून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गानं त्याच्याकडे पोचते. निवडणुकीच्या कामावर गेलेला शिक्षक सुविधा केंद्रात जाऊन आपलं मत टाकतो. 85 वर्षांवरच्या आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदाराच्या घरी पथक जातं. विस्थापित काश्मिरी पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विशेष केंद्रं असतात, जिथून ते खोऱ्यातल्या आपल्या मतदारसंघासाठी मत देतात. मिझोराममधून त्रिपुरात गेलेल्या ब्रू कुटुंबांसाठीही अशी सोय वर्षानुवर्षं केली गेली. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या राज्यात गेलेला मतदार तिथल्या ठरावीक केंद्रावर जाऊन आपल्या मतदारसंघाची मतपत्रिका मागतो. आणि आपल्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 60(क) मध्ये असं आहे, की केंद्र सरकारशी सल्लामसलत करून निवडणूक आयोग कोणत्याही वर्गातल्या मतदारांना टपाली मताचा हक्क जाहीर करू शकतो. नवा कायदा न करताही हे दार उघडता येतं. त्या वर्गात ऊसतोड कामगार आजवर बसवला गेलेला नाही, एवढीच वस्तुस्थिती आहे.

निवडणूक आयोगानं प्रयत्न केला नाही असं नाही. डिसेंबर 2022 मध्ये आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. एका केंद्रावरून 72 मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं ते यंत्र होतं. जानेवारी 2023 मध्ये पक्षांना बोलावलं गेलं, आणि विरोधी पक्षांनी प्रश्न उभे केले: स्थलांतरित म्हणायचं कुणाला, त्याची यादी कुठून आणायची, परक्या राज्यात मतदान प्रतिनिधी कोण बसवणार, यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा. प्रस्ताव पुढे सरकला नाही. ते प्रश्न देशपातळीवर खरोखर अवघड आहेत. सुरतेतला ओडिशाचा विणकर, केरळमधला बंगाली गवंडी, मुंबईतला बिहारी टॅक्सीवाला यांना एका व्याख्येत बसवणं सोपं नाही. पण ऊसतोडीच्या बाबतीत यातले बहुतेक प्रश्न आधीच सुटलेले आहेत. कामगार कुठून येतो हे माहीत आहे. कुठे जातो तेही माहीत आहे, कारण कारखान्यानं मुकादमाशी केलेल्या करारात टोळीतल्या कोयत्यांची नोंद असते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांनी कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायची, असा शासनाचा निर्णय आहे. बीड जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ सहाच: गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज, परळी. एका साखर तालुक्यात मतदानाच्या आधी काही दिवस सुविधा केंद्र उघडलं तर तिथे 72 मतदारसंघांच्या मतपत्रिका लागणार नाहीत. बीडच्या सहा आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या पाथर्डी, परांडा, जिंतूर अशा मोजक्या भागांच्या मिळून थोड्याच पुरतील. साध्या कागदी मतपत्रिका, सीलबंद लिफाफे, टपाली मतांचीच जुनी पद्धत. यंत्राचा वाद यात येतच नाही.

इथे एक शंका रास्त आहे, आणि ती मी टाळणार नाही. केंद्र कारखान्याजवळ आलं म्हणजे कारखान्याचा आणि मुकादमाचा दबाव आणखी जवळ आला, असं नाही का होणार? कारखान्यांच्या संचालक मंडळांवर राजकीय माणसं असतात, टोळी एकत्र केंद्रावर जाणार, मुकादम दारात उभा राहणार. म्हणून काही अटी पाळाव्याच लागतील. केंद्र कारखान्याच्या आवारात किंवा गटऑफिसात नको, तहसीलच्या किंवा शाळेच्या इमारतीत हवं. एका दिवसात सगळी टोळी आणण्यापेक्षा तीन-चार दिवस केंद्र उघडं हवं, म्हणजे बाजारादिवशी बाई एकटीही जाऊन येईल. मोजणी टोळीवार किंवा केंद्रवार होऊ नये. लिफाफे मतदारसंघात नेऊन इतर टपाली मतांत मिसळून मोजावेत. एवढं करूनही दबाव पूर्ण संपणार नाही. पण आज जी गाडी रात्रभर मुकादमाच्या नजरेखाली टोळी घेऊन जाते आणि परत आणते, तिच्याशी तुलना केली तर तासाभरात संपणारं, सरकारी माणसाच्या देखरेखीखालचं मतदान कामगाराला पुष्कळ मोकळीक देईल, यात मला शंका नाही.

काही जण सुचवतात की कामगारांनी नावंच कारखान्याच्या गावी नोंदवावीत. कायदा एकाच ठिकाणी नाव ठेवू देतो, आणि तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचं मूळचं ‘सर्वसाधारण वास्तव्य’ जात नाही, असंही सांगतो. टोळी या वर्षी साताऱ्यात, पुढच्या वर्षी बेळगावात. रेशनकार्ड, घर, म्हातारे आईबाप, कोरडवाहू दोन एकर आणि गावकी, हे सगळं बीडमध्ये. मत तिथेच असायला हवं. हा मार्ग मी इथेच सोडून देतो.

ग्रामपंचायतीचा प्रश्न मात्र वेगळा आहे, कारण तिथे मतपत्रिका प्रवास करू शकत नाही. सातशे गावांचे वॉर्ड, प्रत्येकाच्या वेगळ्या मतपत्रिका, हे सुविधा केंद्राच्या आवाक्यातलं काम नाही. तिथे तारीखच हलवली पाहिजे. राज्यघटनेचं कलम 243ई म्हणतं की पंचायतीची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी. ती मुदतीच्या शेवटच्या महिन्यातच घ्यावी असं ते म्हणत नाही. ऊसतोड तालुक्यांतल्या निवडणुका एप्रिल-मे महिन्यांत घेऊन नव्या मंडळानं मुदत संपल्यावर कारभार हाती घ्यावा, अशी व्यवस्था राज्याला नियमांत करता येईल. उन्हाचा त्रास होईल, टँकरचे दिवस असतील, कर्मचारी मिळायला अडचण येईल, असं म्हणतील. लोकसभा आपण त्याच उन्हात घेतो, आणि बीडकर त्या उन्हात रांगा लावून मत देतो.

आणखी एक म्हणणं ऐकू येतं आणि ते बीडमधूनच येतं: आमच्या ऊसतोड कामगारांना राजकीय ताकद कमी नाही. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांनी त्यांच्या बळावर राज्य हलवलं. भगवानगडावरचा आणि पुढे सावरगावचा दसरा मेळावा राज्यभर ऐकला जातो. ही ताकद खरी आहे आणि तिच्यामुळे मजुरीत वाढ, महामंडळ, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं मिळाली, याबद्दल दुमत नाही. पण दसऱ्याला मैदानात जमलेला माणूस फेब्रुवारीत जिल्हा परिषदेच्या यादीतून गायब असतो. नेत्याच्या मागे उभं राहून मागण्या मिळवणं आणि आपल्या वॉर्डाच्या सदस्याला पुढच्या वेळी पाडता येणं, या दोन वेगळ्या ताकदी आहेत. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वर आला. सर्वेक्षण केलेल्या 82 हजार महिलांपैकी 13 हजार 861 जणींच्या शस्त्रक्रिया झाल्याचं विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापतींच्या समितीसमोर आलं. इतक्या बायांच्या बाबतीत हे घडत असताना गावपातळीवरच्या कचेऱ्यांची ओरड फारशी ऐकू आली नाही. त्यामागे गरिबी, खाड्याची भीती आणि खासगी दवाखान्यांची लालूच अशी अनेक कारणं होती. मला त्यात हेही एक दिसतं, की त्या बाया आपल्या आरोग्य उपकेंद्राच्या कारभाऱ्यांच्या निवडीत सहसा नसतातच.

डिसेंबर 2022 ला निवडलेल्या ग्रामपंचायतींची मुदत संपत येईल तेव्हा पुढची निवडणूक 2027 च्या हिवाळ्यात, पुन्हा गाळपाच्या तोंडावर येणार. ती त्याच वर्षीच्या मे महिन्यात आणायची असेल, तर नियमांतला बदल, प्रभागरचना, सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आणि याद्या अंतिम करणं ही कामं 2026 च्या दिवाळीपासून हाती घ्यावी लागतील. विधानसभेची पुढची वेळ 2029 च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या प्रत्येक हंगामात टोळ्या निघताना ग्रामसेवकांच्या नोंदी आणि कारखान्यांच्या करारांतली नावं एकमेकांशी ताडून पाहता येतील, आणि दोन-चार साखर तालुक्यांत सुविधा केंद्राचा प्रयोग एखाद्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आधी करून बघता येईल. राज्य निवडणूक आयोग, महामंडळ आणि साखर आयुक्तालय हे तिघं एका बैठकीत बसले तरी पहिली यादी तयार करण्याचं काम सुरू होऊ शकतं.